डावा पाय चांगला हाय

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मुली मला फोन करतात. कुणीतरी कोच त्यांना माझा नंबर देतो. प्रश्न ठरलेले असतात. किती दिवसांत वाकतो? पळता कधी येतं? पहिल्यासारखी उडी बसते का? मी खरी उत्तरं देते. सूज, बर्फ, टॉवेल, रडारड, सगळं सांगते. एकच गोष्ट सांगत नाही, आणि फोन ठेवल्यावर नेमकी तीच डोक्यात घोळत राहते. म्हणून एकदाची लिहून टाकते. यात गुडघ्याबद्दल थोडंफार कामाचं मिळेल. बाकीची माझी लाज आहे.

आवाज

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याजवळच्या गावातली. माझं नाव दर्शना. उंची पाच फूट अकरा इंच, त्यामुळे गावात लोक मला लांबूनच ओळखतात. बास्केटबॉल शिकले भातसानगरला, धरणाच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या जुन्या कोर्टवर. तिथल्या एका क्लार्क सरांना खेळाचं वेड होतं. बा मला सायकलवर घेऊन जायचा आणि खेळ संपेपर्यंत कुंपणाबाहेर बसून राहायचा. पुढे क्रीडा वसतिगृह, मग राज्याचा संघ, मग एका कंपनीच्या टीममध्ये करारावर नोकरी. करार एक-एक वर्षाचा. खेळलात तर पुढचं वर्ष.

टीममधल्या मुली शहरातल्या. कॉलनीच्या कोर्टवर शिकले म्हटल्यावर त्या धरूनच चालल्या की माझे वडील धरणावर अधिकारी असणार. मी तसं कधी म्हणाले नव्हते. पण खोडलंही नाही. चार वर्षं नाही खोडलं.

सामना ठाण्याला होता. तिसऱ्या क्वार्टरला मी रिबाउंडसाठी उडी मारली, चेंडू हातात आला, उजवा पाय टेकला आणि अंग वळलं. पाय वळला नाही. गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. कुणी ढकललं नव्हतं, कुणी पाय घातला नव्हता. मी आपली आपणच पडले. खाली पडून पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर चेंडू कुणाकडे गेला ते.

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. सर्जन बाई शांत होत्या. म्हणाल्या, "लिगामेंट पूर्ण तुटलंय. ते शिवून जुळत नाही. दुसरी शीर घेऊन नवीन बांधावं लागेल. मैदानात परत जायला नऊ महिने धर."

मला फक्त नऊ महिने ऐकू आले. करार डोळ्यांसमोर आला. विचारलं, "खेळेन ना मी?"

"बऱ्याच मुली खेळतात. घाई करतात त्या परत माझ्याकडे येतात."

बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडले आणि मग घरी फोन केला. बाने उचलला.

"बा, गुडघ्यातली शीर तुटली. आता दुसरी शीर आनून बसवनार."

बा म्हणाला, "कुनाची?"

"मला काय म्हायती कुनाची! असंल कुनाचीतरी," असं म्हणून मी फोन कट केला. दुखत होतं, आणि राग काढायला घरचा माणूस सोडून दुसरं कोण असतं? हा माझा पहिला गुन्हा. लहान आहे, पण पुढचं सगळं यातून झालं.

कोण आहेत हे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन बाई दोन शिकाऊ डॉक्टर घेऊन राउंडला आल्या. माझ्या खोलीत आमचे कोच सर होते आणि टीममधल्या तिघी. तेवढ्यात दारात बा उभा राहिला.

त्याने त्याची एकुलती एक फुल पँट घातली होती. लग्नकार्याला घालायची, घडीची. तिचा डावा पाय मांडीपर्यंत गुंडाळलेला. उजवा तसाच खाली. हातात माझ्यासाठी भाकरीचा डबा.

"डाक्टर," तो म्हणाला, "मी रात्रीपासून पानीबी नाय घेतलं. शीर माझी घ्या. डावा पाय घ्या, डावा चांगला हाय." आणि बाजारात बैल दाखवावा तशी उघड्या मांडीवर थाप मारली.

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. मुरबाडला आमच्या नात्यातल्या एका बाईने भावाला मूत्रपिंड दिलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना दोन गोष्टी पाठ: उपाशीपोटी जायचं, आणि देणारा रक्ताचाच लागतो. मी फोनवर "आनून बसवनार" बोलले आणि बा रक्ताचं माणूस म्हणून पहिल्या गाडीने निघाला.

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाला हसू आवरलं नाही. मग तिघी हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, खरंच सांगते. कुणालाही आलं असतं. तिघींतल्या रियाने माझ्या कानाशी विचारलं, "कोण आहेत हे?"

मी म्हणाले, "काका आहेत. आमच्या शेतावर असतात."

हळू नाही म्हणाले. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

सर्जन बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या बाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमची नको, काका. हिच्याच मांडीतली घेऊ आपण." बाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून खाली वाकला आणि पँटची एकेक घडी सोडत पाय खाली केला.

त्याने ऐकलं नसेल, असं मी पुढे कितीतरी दिवस मनाला समजावलं. पण त्याने ऐकलं होतं. कारण सरांनी जेव्हा विचारलं, "घरचं कुणी आहे का? फॉर्मवर नातेवाइकाची सही लागेल," तेव्हा बाच माझ्याआधी बोलला.

"घरची मानसं उद्या येतील, साहेब. तवर मी थांबतो ताईंजवळ."

ताई! जन्मल्यापासून त्याने मला "बाय" सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी कोच सरांनी सही केली. बा शेजारी डबा धरून उभा होता.

गावचा मानूस

ऑपरेशनला कंबरेत इंजेक्शन देतात, पाय आपला राहत नाही. मला वरचा दिवा दिसत होता आणि कसलीतरी ठोकाठोक ऐकू येत होती. भीती दुखण्याची नव्हती. पाय परत माझा होईल की नाही, याची होती.

इंजेक्शन उतरल्यावर गुडघ्यापेक्षा मांडी जास्त दुखली. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जिथून शीर काढतात तिथे मागच्या बाजूला असं ओढल्यासारखं होतं की कुशीवर वळवत नाही.

बा रोज एकच विचारायचा. "मांडी लय दुखते का?" गुडघ्याचं नाही, मांडीचं. मला वाटायचं, याला अजून ऑपरेशन कुठलं झालंय तेच कळलेलं नाही. मी चिडून म्हणायचे, "दुखते. मग काय करू?" तो मान खाली घालायचा.

चार दिवस तो खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून होता. नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" दार उघडंच होतं. मी आत कान देऊन पडले होते.

"गावचा मानूस," बा म्हणाला.

त्या वेळी टीमचं कुणी नव्हतं. नुसतं "बा" अशी हाक मारायची होती, एक अक्षर. मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी आई आली, माझ्या डोक्याला तेल लावून रडली, तेव्हाही तो बाकड्यावरच होता. आईने विचारलं, "बा बाहेर का बसतो गो?" मी म्हणाले, "आत एकालाच बसू देतात." आणखी एक खोटं, तेही आईला.

भोक पाडलेली खुर्ची

घरी आणलं तेव्हा पाय लांब पट्ट्यात बांधलेला. आमच्या घरचा संडास उकिडवं बसायचा, आणि मला तर गुडघा वाकवायचाच नव्हता. पहिल्या दिवशी काय हाल झाले ते लिहीत नाही. संध्याकाळी बाने प्लास्टिकची खुर्ची उलटी केली, कोयता चुलीत तापवला आणि बैठकीला गोल भोक पाडलं. कडा दगडाने घासल्या, त्यावर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली, मला टोचू नये म्हणून. मोठमोठ्या हॉस्पिटलांत हजार वस्तू असतात. त्या नऊ महिन्यांत माझ्या सगळ्यात उपयोगी पडली ती ही खुर्ची.

बर्फ शेणव्याच्या थंड पेयांच्या दुकानातून यायचा. बा सायकलवरून आणायचा, भुशात गुंडाळून. टाचेखाली टॉवेल घालून पाय ओढायचा, गुडघा इंचभर जास्त वाकवायचा, परत सरळ करायचा. वाकवण्यापेक्षा सरळ करणं कठीण, हे लक्षात ठेवा. पाय पूर्ण सरळ झाला नाही तर लंगडेपण राहतं. मी ओरडायचे, शिव्या द्यायचे. आई आतून ओरडायची.

"आधीच एवढी लांब पोर, त्यात आता लंगडी. कोन करनार हिला?"

"तिला धावायचं हाय," बा म्हणायचा. "लगीन कुठं काढलंस मधीच?"

यावरून दोघांचं वाजायचं. दोन-दोन दिवस अबोला. माझ्या पायामुळे घरात चूल पेटायची तेवढी, तोंडं बंद राहायची. मी उशीत तोंड घालून पडायचे आणि टीमच्या ग्रुपवर हसरे चेहरे पाठवायचे.

दर महिन्याला तपासणीला ठाण्याला जायचं. बा बरोबर असायचा. गावातून शहापूरला येईपर्यंत तो मला "बाय, नीट बस" म्हणायचा. हॉस्पिटलच्या फाटकापाशी आलो की, "ताई, फाईल द्या हिकडं." मी त्याला कधी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. त्याने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हा टोमणा आहे. म्हातारा मला दर वेळी थोडं थोडं मारतोय. आणि मला ते बरोबरच वाटायचं.

पँट

तिसऱ्या महिन्यात घोट्याला वजन बांधून पाय उचलायला सांगितलं. दुकानात मिळतात तसली पट्टीची वजनं आणायची होती. बा म्हणाला, "वजन म्हंजे वजन. त्याला दुकान कशाला?" आधी पिशवीत भात भरणार होता. आई म्हणाली, उंदीर फाडतील. मग तो नदीवरून वाळू घेऊन आला, धुऊन वाळवली, आणि घडीची ती पँट काढून तिचे दोन्ही पाय कापले.

"अरे बा, पँट!"

"आता कुठं घालनार ती मी?"

आईने पिशव्या शिवल्या, बाने शेणव्याच्या किराणा दुकानात तराजूवर नेऊन त्या सारख्या वजनाच्या करून आणल्या. रोज सकाळी त्या पिशव्या मी घोट्याला बांधायचे. कापडावर अजून इस्त्रीची रेघ होती. दहा वेळा पाय उचलायचा, दहा वेळा ती रेघ डोळ्यांसमोर यायची. व्यायामाला कंटाळा करायची सोय नव्हती मला.

एका पायावर

पाचव्या महिन्यात मी शहापूरच्या फिजिओकडे जाऊ लागले. सायली तिचं नाव, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. तिच्याकडे टीमचं कुणी येत नसे, म्हणून तिथे बा माझा बा होता.

एका पायावर उभं राहायचा व्यायाम होता. डोळे मिटून, तीस आकडे. मला जमेना, मी चिडले. बा म्हणाला, "मीबी करतो, चल. बघू कोन जिंकतंय." डाव्या पायावर तो खांबासारखा उभा राहिला. सायलीने टाळ्या वाजवल्या. "आता उजव्यावर, काका."

उजव्यावर त्याला पाच आकडेही झाले नाहीत. गुडघा आतून सटकल्यासारखा झाला आणि तो गादीवर बसलाच. मी हसले. मोठ्याने हसले, पोट धरून. म्हणाले, "हरलास, हरलास!"

सायली हसत नव्हती. तिने बाला गादीवर आडवं केलं, उजवा गुडघा वाकवला, पावलावर हलकंच बसून नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढली. तीच तपासणी माझी शंभर वेळा झाली होती. माझ्या डोळ्यांदेखत बाची नडगी टेबलाच्या खणासारखी पुढे आली.

"काका, हे कधी झालं?"

"काय नाय. जुनं हाय."

"दर्शना," सायली म्हणाली, "तुझं जे तुटलं, तेच यांचं तुटलंय. कितीतरी वर्षांपूर्वी. हे असेच चालतायत."

मला पायऱ्या आठवल्या. बा पायऱ्या तिरका होऊन उतरतो, एकावेळी एक. मला ते म्हातारपण वाटायचं. आणि मग हॉस्पिटलच्या खोलीतलं वाक्य आठवलं. डावा पाय घ्या, डावा चांगला हाय. आम्ही सगळे त्याला हसलो होतो. त्याच्याकडे एकच चांगला पाय होता, आणि तो त्याने पुढे केला होता.

घरी आल्यावर आईला धरलं. ती भाजी चिरत होती, तिने वर पाहिलं नाही.

"तू वसतिगृहात होतीस तवा. चिखलनीला बांधावरून पाय गेला त्याचा. मुरबाडच्या पल्याड हाडवैद्य हाय, त्यानं पाला लावून कामट्या बांधल्या. आठ दिवसांनी परत चिखलात."

"मला का नाय सांगितलं?"

"तुझी निवड चाचनी होती ना. सांगू नको बोलला. पोर खेळ सोडून धावत येईल बोलला."

ती निवड चाचणी मला पाठ आहे. सगळ्यांचे आईवडील आले होते, माझं कुणी नव्हतं. मी वसतिगृहाच्या फोनवरून त्याला विचारलं होतं, लावणी मोठी का मी? तो म्हणाला होता, "लावनी हाय, जमत नाय." त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. मनातून तर कितीतरी वर्षं बोलले नसेन. खोलीत "शेतावर असतात" हे शब्द जे एवढे पटकन तोंडातून निघाले, त्यात हाही राग मुरलेला होता. आणि तो राग बिनबुडाचा निघाला.

लावणी

जुलैत मी पळायला लागले होते. सरळ रेषेत, सावकाश. चिखलात उतरायला सक्त मनाई. घरची सगळी लावणीला वाकलेली आणि मी बांधावर छत्री घेऊन बसलेली, धडधाकट दिसणारी, पावणेसहा फुटांवरची. जाणारे-येणारे बघून जायचे. त्याची लाज नाही वाटली. मी बाचे पाय पाहत होते.

डावा पाय चिखलात रोवायचा, अंगाचा भार त्याच्यावर, मग उजवा नुसता ओढून घ्यायचा. डावा, मग ओढ. सगळं शेत त्याने असंच लावलं. बारा-तेरा वर्षं असंच लावत आलाय. बारा आठवड्यांत माझा पाय सरळ होत नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

त्या दिवशी मी ठरवलं की टीमसमोर सांगायचं. फोनवर नाही, ग्रुपवर नाही. परत जाईन त्या दिवशी, त्याला बरोबर नेऊन.

कोर्ट

नऊ महिने संपले. ठाण्याच्या हॉलमध्ये शेवटची चाचणी होती. एका पायावर उड्या मारायच्या, दोन्ही पायांचं अंतर मोजायचं, उजवा डाव्याच्या जवळपास आला तर खेळायची परवानगी आणि कराराची बोलणी. मी बाला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." तो नको नको म्हणत आला. फाटकापाशी म्हणाला, "ताई, मी हितंच थांबतो."

मी त्याचा हात धरून आत नेला. त्याने कोर्टच्या कडेला चपला काढल्या. तेवढ्यात कोच सर समोरून आले.

"अरे काका! आलात? शेतावरची कामं उरकली?"

"होय साहेब. ताईंनी आनलं."

रिया होती, बाकीच्या दोघी होत्या, आणखी नव्या मुली होत्या. मी घरून वाक्य ठरवून आणलं होतं, चांगलं मोठं. ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "सर, काका नाहीत. हा माझा बा आहे. वडील. त्या दिवशी मी खोटं बोलले."

कुणाच्या तरी हातातला चेंडू खाली पडला आणि टप्पे घेत कोपऱ्यात गेला. सरांचा चेहरा पडला. त्यांना बहुतेक ती सही आठवली. रियाने माझ्याकडे पाहिलंच नाही, ती गेली आणि बासाठी खुर्ची घेऊन आली. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बा मात्र घाबरला होता. खुर्चीच्या काठावर बसून सरांना सांगत होता, "साहेब, पोरीची चूक नाय. तिला काय बोलू नका."

मग मी उड्या मारल्या. भीती होती ती खाली उतरण्याची, वर जाण्याची नाही. हे पण लिहून ठेवा: गुडघा बरा होतो, उतरायची भीती नंतर कधीतरी जाते. उजवा पाय टेकला. वळले. पायही वळला. सायलीने शिकवल्याप्रमाणे मऊ उतरले, आवाज न करता. सरांनी टेप लावली, मोजलं, आणि मान हलवली. खेळायला परवानगी मिळाली. ज्याच्यासाठी नऊ महिने जीव टाकला ते मिळालं, आणि मला त्याचं म्हणावं तेवढं काही वाटलं नाही.

जीप

परतताना शहापूरहून शेणव्याची जीप मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघंच. बा खुशीत होता.

"बरं झालं सांगून टाकलंस आज," तो म्हणाला. "मला धाकधूक लागली होती नऊ म्हयने."

"कसली?"

"डाक्टरला खोटं सांगितलं म्हनून तुझी नोकरी घालवतील असं वाटायचं. म्हनून मी कुनाला पत्ता लागू दिला नाय. ताई ताई करत राहिलो."

मला कळेना. "बा, तुला काय वाटलं? मी तसं का बोलले?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की, हे काय विचारणं झालं.

"माझी शीर घेतील म्हनून. रक्ताच्याच मानसाची घेतात ना? तू बोललीस बाप नाय, मग कशी घेतील? माझा पाय वाचवलास आनि सोताची मांडी कापून घेतलीस. म्हनून तर मी इचारत होतो रोज, मांडी लय दुखते का."

जीप खड्ड्यातून चालली होती. मी समोरच्या बाकाच्या दांडीला धरलं. नऊ महिने तो माझी लाज पोटात घालत नव्हता. त्याला ती लाज दिसलीच नव्हती. तो माझे उपकार मानत होता.

गप्प बसता आलं असतं. त्याचं चांगलं चाललं होतं, माझंही चाललं असतं. पण मी त्याच्यापुढे एवढं खोटं वापरून बसले होते की आणखी एक उचलायची ताकद नव्हती.

"नाय बा," मी म्हणाले. "तसं नव्हतं. तुझी शीर ते घेनारच नव्हते. मला लाज वाटली तुझी. त्या पोरी हसल्या आनि मला लाज वाटली. म्हनून बोलले."

बाने बाहेर पाहिलं. दोन थांबे गेले. एक बाई कोंबडी घेऊन चढली, तिला त्याने सरकून जागा दिली. मी रडत होते, त्या बाईने माझ्याकडे पाहून पदर सावरला. शेवटी त्याने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तसं असंल तर असंल," तो म्हणाला. "पन पाय तर माझा वाचला ना?"

त्याने मला माफ केलं की विषय मिटवला, हे मला आजही सांगता येत नाही. जीप थांबली. तो आधी उतरला, नेहमीसारखा तिरका, डावा पाय पुढे टाकत, आणि माझी बॅग घ्यायला हात वर केला.

आता तो दर आठवड्याला सायलीकडे जातो. ऑपरेशन करायला तयार नाही, म्हणतो लावणी कोण करणार. पण घोट्याला पँटच्या पिशव्या बांधून पाय उचलतो. मी घरी असले की आकडे मोजते.

गावात तो अजून पहिलीच गोष्ट सांगतो. पारावर, दुकानात, कुणी गुडघ्याचा विषय काढला की, "माझ्या पोरीनं सोताची मांडी कापून दिली, पन माझ्या पायाला हात लावू दिला नाय." खरं काय ते त्याला आता माहीत आहे. मी तिथे असले की तो आवाज जरा वाढवतो.